भोकांची की खाचांची?

सव्वीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत नोकरी केली. तिथं गाड्यांच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या, तयार होतात. भोसरीच्या ह्या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी कुणीतरी विचारलं म्हणून मी एवढंच सहज बोलून गेलो, आणि तेव्हापासून ‘ब्रेकवाले काका’ होऊन बसलो. कुणाच्या स्कूटरचा ब्रेक लागेनासा झाला की मला हाक, कुणाची सायकल करकरली की मला हाक. एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हाही आधी मला बोलावलं आणि मग लिफ्टवाल्याला. मी दर वेळी हात मागे बांधतो, मान तिरकी करतो आणि नुसतं "हं" म्हणतो. आमची सगळी प्रतिष्ठा ह्या "हं"वर उभी आहे.

खरं काय ते इथंच सांगून टाकतो, पुढं धीर होईल न होईल. कंपनीत माझं काम एकच होतं. डिस्क हुकाला टांगायची, लहान हातोडीनं एक ठोका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं. डिस्क चांगली असेल तर आवाज बराच वेळ घुमत राहतो, आत कुठं तडा असेल तर बसका येतो. पोरं मला ‘पुजारी’ म्हणायची. ठोका देऊन झाला की कार्ड बांधायचं : तडा असेल तर लाल, चांगली असेल तर हिरवं, शंका असेल तर पिवळं. पण हिरव्या कार्डावर सही सुपरवायझरची. माझ्या सहीला किंमत फक्त पिवळ्या कार्डावर, आणि त्यावर छापलेलं असायचं ‘थांबवा’. म्हणजे सव्वीस वर्षांत मी एकदाही ‘चालेल’ म्हणून सही केलेली नाही. आमच्या सौभाग्यवतींचं, विजयश्रीचं, म्हणणं असं की ती पिवळी कार्डं मी घरीही आणली. नवा सोफा घ्यायचा विषय आमच्याकडे तीन वर्षं थांबलेला आहे, आणि त्याला कारण रंग.

तर आता तेजस्विनी. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती मूळची कोंडाजीआबांची. शेजारीच त्यांचा तीन मजली बंगला आहे आणि तेजस्विनी ही त्यांची नात. चाकणला गाड्यांचं डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसात ती नोकरी करते. एक परदेशी साहेब मायदेशी परत जाताना आपली जुनी स्पोर्ट्‌स कार विकायला निघाला, ती हिनं स्वतःच्या पगारातून घेतली. दोन दरवाजे, दोन सीटा, लालभडक रंग, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आबा पहिल्यांदा बघून म्हणाले, "आरं, हिची चाकं चारी पंचर हायेत का काय?"

दसऱ्यानंतरच्या रविवारी चाकणजवळच्या एका मोकळ्या मैदानावर गाड्यांची शर्यत होती. तेजस्विनीनं नाव दिलं होतं. एकेक गाडी खांबांमधून पळवायची, वळवायची आणि आखलेल्या चौकोनात अचूक थांबवायची. मात्र पुढच्या चाकांच्या डिस्क झिजल्या होत्या, त्या बदलायला हव्या होत्या.

आबांनी तरुणपणी बैलगाडा पळवला आहे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्यांची बारी, म्हणजे पळवायची पाळी, आली की माणसं झाडावर चढून बसायची म्हणे. एका शर्यतीत गाडा उलटला आणि तेव्हापासून त्यांचा उजवा पाय ओढत चालतो. त्यांनी गाडीची चावी बंडीच्या खिशात टाकली आणि मला बोलावून घेतलं.

"सोपानराव, पळवायला कुणीबी पळवतंय. थांबायचं कसं ते बगा. तुमी व्हय म्हनला तर गाडी दाराबाहीर. न्हाई म्हनला तर न्हाई."

"हं," मी म्हणालो.

"काका, दोन जोड्या मागवल्यात," तेजस्विनी म्हणाली. "एक भोकांची, एक खाचांची. कुठली लावू ते सांगा, दुसरी परत पाठवते."

तिनं टेबलावर दोन्ही मांडल्या. भोकांच्या डिस्कला आरपार बारीक भोकं होती, नक्षीसारखी गोलाकार. खाचांच्या डिस्कला वरून तिरक्या रेघा ओढलेल्या. आमच्या कंपनीत ह्यातलं काहीच बनायचं नाही, आमच्या सगळ्या साध्या, सपाट. मी दोन्हींवरून बोट फिरवलं, मान तिरकी केली, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब "हं" म्हणालो.

"म्हणजे?" तिनं विचारलं.

"अभ्यास करावा लागेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही बातमी अख्ख्या सोसायटीला लागली होती. आमचे चेअरमन भीमराज हे नळाच्या गळतीपासून आंतरराष्ट्रीय राजकारणापर्यंत सर्व विषयांवर तयार असतात. ते जिन्यात गाठून म्हणाले, "भोकांचीच घ्या. हवा खेळती राहते. हवा खेळती असली की निम्मे प्रश्न सुटतात." मी म्हटलं, हे घराबद्दल झालं. ते म्हणाले, तत्त्व एकच. तेजस्विनीचा चुलतभाऊ पिंटू ह्याचं मोशी रोडला गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. तो म्हणाला, "काका, भोकं म्हंजे विषय संपला राव. लाल गाडीला चाकातनं भोकं दिसली पाहिजेत. खाचा काय, ओरखडे पडल्यासारख्या दिसतात." भोसरीचा मेकॅनिक रोहिदास, जो त्या डिस्क बसवणार होता, तो फोनवर म्हणाला, "साहेब, साधी लावली असती तर आत्तापर्यंत गाडी गावभर फिरून आली असती." विजयश्रीला मी दोन्हींचे फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "भोकांची घेऊ नका. माझी चाळणी बघा, कितीही घासा, भोकात अडकलेलं निघत नाही." मी तिला सांगितलं की ब्रेकमध्ये रवा चाळत नाहीत. तिनं चष्मा काढून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

भीमराजांनी सोसायटीच्या ग्रुपवर मतदान घेतलं. भोकांना चौदा मतं, खाचांना अकरा, आणि तिघांनी लिहिलं, ‘आधी पाहुण्यांच्या पार्किंगचा प्रश्न सोडवा.’ बहुमत भोकांच्या बाजूनं दिसल्यावर मलाही भोकं आवडू लागली. पण सही कुणाच्या जिवावर करायची? कुणीतरी सुपरवायझर हवा होता. म्हणून मी भोकांच्या दोन डिस्क कापडी पिशवीत घातल्या आणि बसनं चाकणला, माझ्या जुन्या कंपनीत निघालो. त्या डिस्क किती जड असतात हे सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण त्या नेहमी हुकाला टांगलेल्या असायच्या. स्टँडपासून गेटपर्यंत मी चार वेळा बसलो.

गेटवर नवा सिक्युरिटीवाला होता. मी म्हटलं, "मी सोपानराव. सव्वीस वर्षं इथं होतो."

"असाल. पिशवीत काय?"

"डिस्क."

"कंपनीतून डिस्क बाहेर जातात, आत येत नाहीत." त्यानं जाडजूड रजिस्टर उघडलं, बराच वेळ रकाने धुंडाळले आणि लिहिलं : ‘ग्राहकाकडून परत आलेला माल, नग दोन.’ मी म्हटलं, मी ग्राहक नाही. तो म्हणाला, दुसरा रकाना नाही.

आत ज्या तरुण इंजिनिअरला भेटायला गेलो होतो त्यानं खुर्ची दिली, चहा दिला, डिस्क उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "काका, हे वापरावर अवलंबून आहे." मग तो मीटिंगला गेला. हे उत्तर मला घरीही देता आलं असतं, फक्त इतकं इंजिनिअरसारखं नाही.

खरा घोळ बाहेर पडताना झाला. सिक्युरिटीवाला म्हणाला, "माल आत आलाय, आता बाहेर जायला पास लागेल." पास स्टोअरमधून मिळतो, स्टोअरचा माणूस शिफ्ट संपवून घरी गेलेला. मी म्हटलं, अहो, माल माझा आहे. तो म्हणाला, रजिस्टरला तसं नाही. शेवटी डिस्क तिथंच राहिल्या, आणि ग्राहकाकडून परत आलेला माल जिथं ठेवतात तिथं, म्हणजे मागच्या अंगणात नापास मालाच्या पिंजऱ्यात त्यांची रवानगी झाली. ज्या पिंजऱ्यात मी सव्वीस वर्षं लाल कार्डं लावून डिस्क पाठवल्या, त्यात माझ्याच दोन जाऊन पडल्या.

दोन दिवसांनी स्टोअरवाल्याला दया आली. पण पिंजऱ्यातला माल बाहेर काढायला एकच पास होता, भंगाराचा. भंगार वजन केल्याशिवाय बाहेर जात नाही. काट्यावर ठेवताना हमालाच्या हातातून एक डिस्क निसटली आणि काँक्रिटवर आपटली. मी धावत जाऊन उचलली, रुमालानं पुसली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली. काही दिसलं नाही. एक ठोका देऊन बघायला हवा होता. हातोडी नव्हती, हे मी तेव्हा स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण असं की मला ऐकायचंच नव्हतं. ‘भंगार, नग दोन’ असा पास खिशात घालून मी परत आलो, आणि आबांनी ओसरीवरून विचारलं तेव्हा बोलून गेलो, "कंपनीत दाखवून आणल्या."

आबांचा चेहरा फुलला. "बगा! चाकणला जाऊन पास करून आनल्या. मानूस आसावा तर आसा." तेजस्विनीनं विचारलं, "मग भोकांच्याच ना, काका?" मी नेहमीचं "हं" म्हणालो. ते तिनं होकार म्हणून घेतलं. त्यात तिची काही चूक नव्हती. रोहिदासला निरोप गेला की खंडेनवमीची पूजा झाली की डिस्क बसव.

खंडेनवमीला आमच्या ह्या पट्ट्यात जे जे लोखंडाचं आहे त्याची पूजा होते. कंपन्यांत मशिनांना झेंडूच्या माळा चढतात, घरात गाड्या, विळे, पाने, मिक्सर, सगळ्यांना हळदकुंकू. आबांच्या ओसरीवर सकाळी सगळे जमले होते. आबांची बायको, छबूआजी, हिनं पाटावर चारी डिस्क मांडल्या होत्या, कारण परत जाणारी जोडीही लोखंडच, तिला वगळायचं कसं. उदबत्तीचं घर सापडत नव्हतं. आजीनं क्षणभर इकडंतिकडं पाहिलं आणि भोकांच्या एका डिस्कमध्ये पाच उदबत्त्या रोवल्या. उदबत्ती आणि भोक, मापात सूतभरही फरक नाही. आमच्या कंपनीत एवढं अचूक काम झालं असतं तर मला पिवळी कार्डं लागली नसती.

"आगं बया, किती सोय केलीया ह्या लोकांनी," आजी म्हणाली.

घंटाही सापडेना. ती गणपतीच्या सामानाबरोबर माळ्यावर गेली होती. पिंटूनं तोडगा काढला. झोपाळ्याच्या दोन कड्यांना सुतळीनं दोन डिस्क टांगल्या, एक खाचांची, एक भोकांची, आणि हातात पाना घेऊन उभा राहिला. विजयश्रीनं ताम्हन उचललं, आरती सुरू झाली. पिंटूनं खाचांच्या डिस्कवर ठोका दिला. आवाज ओसरीभर घुमला, किती तरी वेळ थांबेना. मग त्यानं दुसरीवर दिला.

बसका.

सगळे टाळ्या वाजवत होते. पिंटू तालात आला होता, डावीकडे एक, उजवीकडे एक. डावीकडचा आवाज भरदार, उजवीकडचा मेलेला. त्या ओसरीवर पंधरा माणसं होती आणि ते ऐकू येणारा मी एकटाच होतो. मी गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. माझ्या टाळ्या थांबल्या तेव्हा विजयश्रीनं माझ्याकडे पाहिलं. समोर तेजस्विनी डोळे मिटून हात जोडून उभी होती. तिच्या एका बोटात चावीसाठी आणलेलं रिकामं कडं आत्ताच अडकवलेलं होतं.

"थांबवा!" मी ओरडलो.

सव्वीस वर्षं ह्या शब्दाची मी कार्डं बांधली, तोंडानं तो कधी उच्चारला नव्हता, त्यामुळे जरा मोठ्यानं निघाला. विजयश्रीच्या हातातलं निरांजन विझलं. छबूआजी म्हणाली, "आरती मदीच थांबवत्यात व्हय? देवाला काय वाटंल?" भीमराज म्हणाले, "काकांना घाम आलाय, पाणी द्या."

"ती डिस्क चिरलेली आहे," मी म्हणालो.

पिंटूनं डिस्क खाली घेतली, उजेडात धरली. "कुठंय? काय नाय दिसत, काका."

मी रॉकेल मागितलं. आजीकडे रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हापासून जपून ठेवलेली बाटली होती. एवढ्या वर्षांत तिनं ती कुणाला दिली नव्हती, ती तिनं काही न विचारता आणून दिली. मी डिस्क रॉकेलनं ओली केली, फडक्यानं कोरडी पुसली आणि वर खडूची पूड भुरभुरली. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. थोड्या वेळानं चिरेत मुरलेलं रॉकेल वर आलं आणि पांढऱ्या पुडीत एक केसासारखी काळी रेघ उमटली. एका भोकापासून निघून शेजारच्या भोकापर्यंत गेलेली.

रोहिदासनं हातातली टूलबॉक्स खाली ठेवली. "साहेब, मी ही अर्ध्या तासात बसवणार होतो," तो म्हणाला.

आता मला जिकडंतिकडं वाहवा मिळणार होती, हे मला दिसत होतं. आबांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मीच बोललो. गेट, रजिस्टर, पिंजरा, भंगाराचा पास, काट्यावरून निसटलेली डिस्क, सगळं. कंपनीत कुणीही काहीही तपासलं नाही, हेही. आणि इतकं झाल्यावर मागं काय ठेवायचं, म्हणून हेही सांगितलं की मी ब्रेकमधला तज्ज्ञ वगैरे कुणी नाही. मी आयुष्यभर डिस्क वाजवली, बस. बोलताना मला भयंकर लाज वाटत होती. भीमराजांसमोर तर फारच.

आबांनी आपल्या ओढत्या पायावर हात ठेवला. मग म्हणाले, "माजा बैल त्या दिशी लंगडत हुता. मला दिसलं हुतं. पन घाटात मानसं जमल्याली, माजी बारी आल्याली. म्या काय बोललो न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी बोलला. बसा खाली."

मी बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं ते उदबत्तीच्या धुरानं, असं मी नंतर विजयश्रीला सांगितलं. तिनं ते मान्य केलं, हा तिचा मोठेपणा.

"काका," तेजस्विनी म्हणाली, "एक डिस्क बदलून मागवता येईल. तरी भोकांचीच लावू का खाचांची? ह्या वेळी ‘हं’ नको."

मी पाहिलं तर खरंच सुपरवायझर कुठं नव्हता. इंजिनिअर मीटिंगला, ग्रुपचं मत चौदाला अकरा. "खाचांची," मी म्हणालो. "भोकांची हलकी असते, दिसते झकास, गावात फिरवायला कुणी लावली तर माझी हरकत नाही. पण तू तिला पुन्हा पुन्हा जोरात थांबवणार. ती तापणार, निवणार, पुन्हा तापणार. लोखंड फाटायला जागा शोधत असतं, आणि भोकं म्हणजे आपणच दिलेली जागा. खाचांची थोडा आवाज करेल, तिला चिमटणारं ब्रेकचं पॅड लवकर खाईल. खाऊ दे."

"चाळणी," विजयश्री हळूच म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

पिंटू आमच्या घरून माझी हातोडी घेऊन आला. मी खाचांच्या दोन्ही डिस्क एकेक करून टांगल्या आणि ठोका दिला. ओसरीवर इतकी शांतता होती की बाहेरच्या रस्त्यावरची शेअर रिक्षासुद्धा माझ्यासाठी थांबल्यासारखी वाटली. दोन्ही घुमल्या. मग विजयश्रीनं पिंटूकडून हातोडीबरोबरच मागवून घेतलेलं एक हिरवं कार्ड माझ्यापुढं धरलं. निवृत्तीच्या दिवशी मी आठवण म्हणून एक गड्डी घरी आणली होती, ती कुठं ठेवलेली असते हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं. सहीच्या जागी छापलेलं होतं ‘सुपरवायझर’. ते मी खोडलं, खाली सही केली. हिरव्यावरची पहिलीच, त्यामुळे सही बँकेत चालणार नाही अशी आली. आबांनी वाचून घेतली आणि चावी तेजस्विनीच्या हातात दिली. राहिलेली आरती आजीनं पहिल्यापासून म्हणायला लावली.

रविवारी आबा मैदानावर आले नाहीत. छातीला झेपणार नाही म्हणाले आणि गेटपाशी खुर्ची टाकून बसले. मीही त्यांच्याजवळ थांबलो, कारण माझ्याही छातीला झेपणार नव्हतं. दुपारी लाल गाडी कोपऱ्यावरून वळली. आरशाला लिंबू-मिरचीच्या जागी माझं हिरवं कार्ड लटकत होतं. पिंटू शेजारच्या सीटवरून ओरडला, "आबा, एकवीस गाड्यांत अकरावा नंबर!"

आबांनी नंबर ऐकलाच नाही. त्यांनी काठी टेकली आणि तेजस्विनीला विचारलं, "थांबली का?"

"थांबली आबा. दर बारीला. चौकोनाच्या आतच."

"मंग ऊठ रं पिंट्या तिथनं," आबा म्हणाले आणि ओढता पाय आधी आत टाकून, त्या जमिनीला टेकलेल्या गाडीत, आम्हा तिघांच्या आधारानं, पाच मिनिटं खर्चून बसले. गाडी आळंदीच्या रस्त्याला लागली. वळणावर तिचा मागचा लाल दिवा लागला, ती थांबली आणि मग पुढं गेली.

चिरलेली डिस्क रोहिदास भंगारात टाकायला घेऊन गेला. दुसरी छबूआजीनं देवघरात ठेवून घेतली. परत पाठवायचं नाव काढलं तेव्हा ती म्हणाली, एवढं चांगलं उदबत्तीचं घर कुठं मिळायचं.

मी घरी आलो तर टेबलावर एक हिरवं कार्ड होतं. त्यावर विजयश्रीच्या अक्षरात लिहिलेलं : ‘सोफा. रंग तपकिरी.’ शेजारी पेन टोपण काढून ठेवलेलं होतं. मला खरं तर निळा बरा वाटत होता, आणि तपकिरीतही दोन छटा असतात, त्यावर थोडा विचार व्हायला हवा होता. मी मान तिरकी केली. आतून भांड्यांचा आवाज यायचा थांबला.

मी सही करून टाकली.